संसदेने मंजूर केलेले विधेयक भारताचे राष्ट्रपती अडवू शकतात का?

राष्ट्रपती असे विधेयक फेरविचारासाठी एकदाच परत पाठवू शकतात. दोन्ही सभागृहांनी ते दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना पुन्हा संमत केले, तर अनुच्छेद 111 नुसार त्यांना संमती रोखता येत नाही. 2006 मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांसंबंधीचे (म्हणजे जी सरकारी पदे घेतल्यास खासदारकी जाऊ शकते, त्यांविषयीचे) विधेयक परत पाठवले, पण संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यावर स्वाक्षरीही केली. धन विधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चासंबंधीचे विधेयक, परत पाठवता येत नाही, आणि घटनादुरुस्ती विधेयकाला तर 1971 पासून संमती देणे बंधनकारकच आहे. मात्र पहिल्या निर्णयासाठी या अनुच्छेदात ठरावीक मुदत दिलेली नाही, आणि माझ्या मते राष्ट्रपतींचा खरा प्रभाव तिथेच आहे. सरकारला नागरिकांची पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार देणारे 1986 चे टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी निर्णय न देता तसेच ठेवले आणि ते कधीच कायदा झाले नाही.