नागपुरात दोन दिवस मोकळे आहेत? मग रेल्वे लाइन ओलांडा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरात भाच्याचं लग्न बेसा रोडच्या लॉनवर, कोल्हापूरहून सासूबाईंना घेऊन येताय, लग्न सोडून हाताशी दोन दिवस, आणि नकाशा उघडला तर शहराचा आगापिछाच लागेना. त्यावर एकानं लिहून टाकलं की नागपुरात काही नाही, सरळ ताडोब्याला जा. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे भाऊ, इथून दीडेकशे किलोमीटर, मंगळवारी बंद, सफारीचं बुकिंग आधी करावं लागते, आणि सासूबाईंना पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत बसवायचं म्हणजे लग्नाआधीच आजारपण. ते पुढच्या खेपेला.

आता नकाशा. शहराच्या मधोमध बर्डी. नकाशात सीताबर्डी दिसेल, पण ऑटोवाल्याला नुसतं बर्डी म्हणा. तिथे टेकडी, टेकडीवर किल्ला, खाली रेल्वे स्टेशन. ही रेल्वे लाइन वरपासून खालपर्यंत शहराचे सरळ दोन भाग करते. लाइनच्या पूर्वेला जुनं नागपूर, म्हणजे महाल, इतवारी, गांधीबाग, सक्करदरा. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, सदर, धरमपेठ, रामदासपेठ आणि मग पुढे वाढत गेलेल्या कॉलन्या. बाहेरचा माणूस काय करते, पश्चिमेला हॉटेल घेते, पश्चिमेलाच मॉलमध्ये फिरते, संध्याकाळी फुटाळा तलावावर भुट्टा खाते आणि घरी जाऊन सांगते की नागपूर चकाचक आहे पण बघायला काही नाही. अरे, तू लाइनच ओलांडली नाहीस तर दिसणार काय?

हे दोन तुकडे काहून झाले त्याला कारण आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्यानं १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठी हे शहर वसवलं, पुढे रघुजी भोसल्यांनी इथे राजधानी केली, आणि हे सगळं पूर्वेकडे. १८१७ च्या नोव्हेंबरात बर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली, इंग्रज जिंकले, १८५३ मध्ये राज्यच खालसा केलं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनवून नागपूर त्याची राजधानी केली. साहेबांनी स्वतःसाठी बंगले, चर्च, कचेऱ्या टेकडीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला बांधल्या. म्हणून तिकडे मोठे रस्ते आणि झाडं, इकडे गल्ल्या. आम्ही १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतो हे पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांना माहीत नसते. दुकानात, ऑटोत सगळे हिंदीत सुरू होतात तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही मराठी बोला, तो पण बोलेल.

राहायचं कुठे. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण ती कोणी सांगत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते. राजधानी गेली त्या बदल्यात नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन इथे, आणि त्या दिवसांत मंत्री, आमदार, त्यांचे पीए, पत्रकार, पोलीस, कामं घेऊन आलेले कार्यकर्ते, सगळे एकदम गावात. सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डी, रामदासपेठ या पट्ट्यात खोली मिळाली तरी भाव चढलेला असते. वरून मोर्चे. यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलीस अडवतात, म्हणजे तेवढ्या भागात दुपारी गाडी घालायचीच नाही. तुमच्या तारखा अधिवेशनात येतात का ते पहिले बघा आणि खोली आजच बुक करा. मी असतो तर वर्धा रोडवर छत्रपती चौक ते उज्ज्वल नगर या पट्ट्यात राहिलो असतो. मेट्रो दाराशी, विमानतळ जवळ, आणि बेसा तिथून मनीष नगरमार्गे फार लांब नाही. थेट बेसाला राहू नका, लग्नापुरतं ठीक आहे पण फिरायला निघालं की दर वेळी गाडी लागेल.

मेट्रोचं सोपं आहे. दोन लाइनी, बर्डीला एकमेकींना कापतात, तिथेच बदलायची. ऑरेंज लाइन खापरीहून निघून वर्धा रोड, बर्डी, कस्तुरचंद पार्क, इंदोरा करत ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत. ॲक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, म्हणजे हिंगण्याच्या बाजूने येऊन धरमपेठ, बर्डी, रेल्वे स्टेशन आणि सेंट्रल ॲव्हेन्यूवरून पूर्वेला. सासूबाईंसाठी बेस्ट, लिफ्ट आहे, गर्दी बेताची. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो असा प्रकार आहे, आणि गड्डीगोदामला तर त्यात रेल्वे लाइन पण घुसली आहे, खिडकीची जागा पकडा. ऑटो मात्र मीटरनं येत नाही, भाव ठरवूनच बसा नाहीतर ॲपवर बोलवा.

आता मोकळ्या दिवसांतला एक अख्खा दिवस पूर्वेला द्या.

मेट्रोनं चितार ओळ चौकात उतरा. चितार ओळ म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, गणपती-दुर्गेच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात शांत असेल पण कुठे ना कुठे माती मळणं सुरू असते, थांबून बघा, कोणी हाकलत नाही. तिथून एका बाजूला इतवारी, दुसऱ्या बाजूला महाल. इतवारीत धंद्याप्रमाणे ओळी आहेत, किराणा ओळ, भांडे ओळ, सराफा. लग्नाचा आहेर अजून घेतला नसेल तर भांडे ओळीत घ्या, पितळी भांड्यांवर नाव कोरून देणारे तिथेच बसलेले असतात. चारचाकी आत नेऊ नका, हातगाडी, ई-रिक्षा, गाई आणि स्कूटरवर तीन पोट्टे यांच्यात अडकलात तर दुपार गेली. वार बघून जा, इतवारी नाव असलं तरी रविवारी मोठी दुकानं बंद असतात.

महालात गांधी गेट बघा, भोसल्यांच्या काळातला जुम्मा दरवाजा तो हाच, त्याच्या आतून अजून रहदारी सुरू आहे. पुढे चिटणीस पार्क, बडकस चौक, भोसल्यांचा वाडा, कल्याणेश्वराचं देऊळ. सासूबाईंना देवळात बसवून तुम्ही आजूबाजूच्या गल्ल्या फिरून या. जुने लाकडी खांबांचे वाडे आता पटापट पाडून राहिले, दर वर्षी एखाद्या ओळखीच्या जागी काचेचं दुकान उभं दिसते. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, मोठमोठे पुतळे, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, त्यांच्यावर त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार लिहिलेला, आणि "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून अख्खं गाव ओरडत असते. दुसरीकडे कुठे असं बघायला मिळत नाही. तुमच्या तारखांत नाही, पण कोणी ऑगस्ट-सप्टेंबरात येणार असेल तर तो दिवस साधा.

जेवायला सावजी. सावजी म्हणजे हलबा कोष्टी समाजाचं जेवण, विणकर लोक, नागपुरी लुगडी-धोतरं विणणारे, त्यांच्या घरातून सुरू झालेल्या खाणावळी. गोळीबार चौक, महाल, सक्करदरा, नंदनवन, जुन्या चांगल्या जागा याच बाजूला आहेत. पश्चिमेला पॉश पाट्या लावून सावजी विकतात ते मी मोजत नाही. आणि एक, तुम्ही कोल्हापूरच्या म्हणून तिखटाची फुशारकी मारू नका. तांबड्या रश्शाचं तिखट तोंडाला लागते आणि जाते, हे मसाल्याचं आहे, काळं, भाजलेलं, वर तेलाचा बोटभर थर, आणि ते हळूहळू चढते. पहिल्या दोन घासाला वाटते की काय एवढं, पाचव्या घासाला कानामागे घाम. मटण रस्सा घ्या, सोबत पोळी किंवा ज्वारीची भाकर, आणि पहिले वरचं तेल चमच्यानं बाजूला करा, वेटर काही म्हणत नाही. सासूबाई शाकाहारी असतील तर पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा, पण तो पण सावजीच असते, "कम तिखा" सांगून फरक पडेल अशी आशा ठेवू नका. त्यांच्यासाठी घरगुती मराठी खानावळीत वडाभात किंवा गोळाभात शोधा, वरून हिंग-मोहरीच्या फोडणीचं गरम तेल, त्या खूश होतील. हिवाळ्यात सांबारवडी पण मिळते, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही.

सकाळी तर्री पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ नका. हॉटेलच्या ब्रेकफास्टमधले नाही, ठेल्यावरचे, आठ-साडेआठच्या आत. पिवळे पोहे प्लेटमध्ये, त्यावर पातेल्यातून हरभऱ्याची लाल तर्री, वर कच्चा कांदा, शेव नाहीतर चिवडा, लिंबू. तो विचारेल "तर्री कितनी", पहिल्यांदा कमी सांगा, संपली की परत फुकट टाकते. बर्डी, कस्तुरचंद पार्क, धरमपेठ, कुठेही. जिथे कॉलेजचे पोट्टे आणि बँकेतले साहेब एकाच ठेल्याभोवती उभे दिसतात तिथे थांबा, नाव विचारायची गरज नाही.

दुसरा दिवस दीक्षाभूमीपासून. रहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनवर उतरून ऑटो करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथे बौद्ध धम्म स्वीकारला. मोठा पांढरा स्तूप आहे, आत गेलं की एकच प्रचंड गोल सभागृह, आवाज आपोआप खाली येतो. सकाळी जा, अर्धा-पाऊण तास पुरते, बाहेर पुस्तकांचे स्टॉल असतील तर बघा. तो दिवस अशोक विजयादशमीचा होता, आणि संघाची स्थापना पण १९२५ च्या दसऱ्याचीच, महालातली. त्यामुळे दसऱ्याला इथे दीक्षाभूमीवर निळे झेंडे घेऊन महाराष्ट्रभरातून लोक येतात आणि तिकडे रेशीमबागेत संचलन. दोन्ही एकाच शहरात, एकाच सणाला, आणि मधे ट्रॅफिक पोलिसाचं डोकं फिरलेलं. हे शहर काय आहे ते मला विचाराल तर मी तोच दिवस दाखवीन.

तिथून सिव्हिल लाइन्स. झीरो माइलचा वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे, १९०७ चा, इंग्रजांच्या सर्वेक्षणाचा. भारताचा मध्य म्हणून सगळे फोटो काढतात, तुम्ही पण काढा, पाच मिनिटांचं काम. जवळच अजब बंगला, म्हणजे सेंट्रल म्युझियम, १८६३ चं, सोमवारी बंद. हायकोर्टाची इमारत बाहेरून बघा. बर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच लोकांना सोडतात, त्यामुळे खालून बघायचा आणि पायथ्याच्या टेकडी गणपतीला जायचं. संध्याकाळी फुटाळा तलाव, सूर्य पाण्यात जाताना चांगलं दिसते, चौपाटीवर पोरांची गर्दी, स्वेटर न्या, सूर्य गेला की लगेच गारठा पडते. (मे महिन्यात हेच शहर, २०१३ ला तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं, त्यामुळे उन्हाळ्यात कोणी लग्न ठरवलं तर निमंत्रण कुरियरनं मागवा.) धरमपेठ-गोकुळपेठ खरेदी-खाण्यासाठी बरं आहे, पण पुण्यात जे मिळते तेच.

उत्तरेकडे वेळ मिळाला तरच. जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा भाग, सकाळी दाल पकवान खायला जायचं. इंदोरा आंबेडकरी चळवळीचा जुना बालेकिल्ला. कामठीला ड्रॅगन पॅलेस, जपानी मदतीनं बांधलेलं बुद्धविहार, १९९९ चं, आत चंदनाच्या लाकडाची बुद्धमूर्ती, सासूबाईंना तिथली शांतता आवडेल. रामटेक पन्नासेक किलोमीटर, गडावर रामाचं देऊळ, गाडी बरीच वर जाते पण पुढे पायऱ्या आहेत, त्यांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. सेवाग्रामला जाऊन-येऊन अख्खा दिवस लागेल, दोन दिवसांत ते बसत नाही.

संत्री. डिसेंबरात आंबिया बहाराची असतात, गोडीत फेब्रुवारी-मार्चच्या मृग बहाराच्या खाली, पण ताजी असली की आंबटगोड मस्त लागतात. रंगावर जाऊ नका, हिरवट झाक असलेलं पण गोड निघते. हातात घेऊन बघा, जड लागलं पाहिजे आणि साल थोडी सैल, एकदम पोकळ ढगळ असेल तर आतून सुकलेलं. स्टेशनच्या दारातल्या टोपलीतून घेऊ नका, महालातल्या बुधवार बाजारात किंवा गोकुळपेठ मार्केटमध्ये घ्या आणि एक सोलून दाखवायला सांगा, दाखवतात. संत्रा बर्फी जायच्या दिवशीच घ्या, डब्यावरची तारीख बघून. महाराष्ट्र एक्सप्रेसनं परत जाणार असाल तर प्रवास लांबलचक आहे, संत्र्याची पेटी सीटखाली ठेवा आणि बर्फी वरच्या पिशवीत.

अधिवेशनाच्या तारखा आणि तुमच्या तारखा एकत्र येत असतील तर इथेच कळवा, मग मोर्चाच्या दिवसांत कुठून कुठे जायचं ते वेगळं सांगतो.