आजोबा जिने का चढतात

लाडक्या लेकी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला आजोबा या वयात रोज संध्याकाळी जिने का चढतात? ग्रुपवर क्यूआर कोड टाकला की काम झालं!" इथे मेलबर्नला मी कामाच्या गडबडीत होते, म्हणून आता निवांत लिहितेय.

पैसे काय, कोड टाकूनही येतील. आजोबा जातात ते माणसं भेटावीत म्हणून. एकदा त्यांच्या मागोमाग जा आणि बघ. पावतीपुस्तक उघडायच्या आधी घरच्यांची चौकशी होते. ज्या घरात यंदा कुणी गेलंय, तिथे पुस्तक पिशवीतच राहतं, ते नुसते बसून येतात. दुसऱ्या मजल्यावर उत्तर प्रदेशातले नवे भाडेकरू आलेत ना, त्यांना पाणी कधी येतं, कचरा कुठे द्यायचा, हे आजोबाच सांगतील. उद्या गाडी लावण्यावरून त्यांचं कुणाशी वाजलं, तर ते आजोबांकडे येतील, पोलिसांत जाणार नाहीत.

ओळखीने भांडणं कशी मिटतात ते बघायचं, तर आपल्या ठाण्यापासून भिवंडी जवळच. यंत्रमागांचं गाव, मराठी, उत्तरेकडून आलेले मुस्लिम विणकर, तेलुगू पद्मशाली, सगळे खेटून राहणारे. तिथे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत ठिणगी पडली आणि मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. १९८४ मध्ये पुन्हा. त्यानंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस नियमाने एकत्र बसायचे आणि गल्लीतली भांडणं, तक्रारी तिथेच मिटवायचे. दंगलीवर भाषणं देण्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे, कारण ते वर्षभर करावं लागतं. सणाच्या तोंडावर पुढाऱ्यांना बोलावून शांततेचं आवाहन करायचं ही आपल्याकडची जुनी रीत. मला विचारशील तर त्याने फारसं काही साधत नाही. ज्या माणसाशी आपण कधी नळावरून बोललो नाही, त्याच्याबद्दलची अफवा आपण लगेच खरी मानतो.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. दोनदा पेटलेलं गाव! तेव्हा अफवा तिथेही पोचल्याच असणार, पण खरं काय ते विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचं माणूस होतं. पुढे मुंबईतही अशा समित्या सुरू झाल्या.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: "ज्यांच्या धर्मात मूर्तिपूजा नाही, त्यांच्याकडे का मागायचं?" आपल्या इमारतीतले ज्यू काका आठवतात? त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठीच बोलतात. टेंभी नाक्याजवळचं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं आहे, या मुक्कामात बाहेरून तरी बघून ये. शनिवारी ते पैशाला हात लावत नाहीत, म्हणून आजोबा त्यांच्याकडे रविवारी जातात. काका मूर्तीसाठी पैसे देत नाहीत आणि आजोबाही तसा आग्रह धरत नाहीत. मुलांच्या चित्रकला स्पर्धेची बक्षिसं मात्र दरवर्षी काकांकडून येतात. तळमजल्यावरच्या खानचाची वर्गणी देत नाहीत, पण मंडळाच्या रक्तदान शिबिरात मदतीला असतात.

आणि हे नीट लक्षात ठेव: वर्गणी न देणाऱ्यांची नावं फळ्यावर लावायची नाहीत, हा आजोबांचा मंडळात जुना आग्रह आहे. काही ठिकाणी पोरं दारात घोळका करून उभी राहतात, आकडा सांगतात, वाद घालतात. अशी एक वर्गणी घेतली की ते दार कायमचं बंद होतं. मंडळाच्या बैठकीत कुणी यादी लावायचा विषय काढला, तर तूही "नको" म्हण. लहान आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

रविवारी आजोबांबरोबर जाशील तेव्हा पिशवी तू धर, त्यांचे गुडघे दुखतात.

तुझी,
आई