जुन्या स्विफ्टच्या पुढून खड्ड्यात खटखट येते, गॅरेजवाला अख्खं सस्पेन्शन बदला म्हणतोय, काय करू?

तुमची 2009 ची स्विफ्ट, सव्वा लाख किमी झालेली, बारीक खड्ड्यांत पुढून डावीकडे खटखट, आणि गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म आणि वर स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा) असं पंचवीस हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय. मला एकच सांगा, गाडी वर उचलून नक्की कुठला पार्ट हलतोय हे त्याने तुम्हाला दाखवलं का? नसेल तर तो नुसता अंदाज आहे आणि अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार आहात.

मी हे पैसे घालवूनच शिकलोय. माझी 2008 ची पेट्रोल स्विफ्ट, चिपळूण ते कराड कुंभार्ली घाटातून दर आठवड्याला फेरी, पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होतं ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. एका वर्षी गणपतीनंतर पुढून खडखड सुरू झाली, गॅरेजात नेली तर मिस्त्रीने बॉनेटवर दोनदा दाबून बघितलं आणि 'शॉकअप गेले' म्हणून मोकळा झाला. दोन्ही नवे टाकले, बिल भरलं, गेटबाहेर पडलो आणि पहिल्याच गटाराच्या झाकणावर तोच आवाज! शेवटी निघालं काय तर लिंक रॉड, दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत. जुने शॉकअप चांगले होते की नाही हे आता देवालाच माहीत, कारण ते मी परत मागितले नाहीत. तुम्ही मागा, काढलेला प्रत्येक पार्ट मागून घ्या.

आता अशी चूक का होते, तर ह्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर, आणि स्टीअरिंग वळवलं की तो अख्खा दांडा फिरतो, त्याच्या डोक्यावर बॉनेटमध्ये रबराचं माउंटिंग आणि बेअरिंग, खाली लोअर आर्मचा (चाकाला खालून धरून ठेवणारा हात) बॉल जॉइंट, बाजूला लिंक रॉड, म्हणजे वळणावर गाडी झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा जो आडवा बार असतो त्याला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी. कुठलाही एक सैल झाला तरी आवाज त्याच पत्र्यातून वर केबिनमध्ये येतो, कधीकधी डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. त्यामुळे आत बसून कान लावून फार काही कळत नाही, पण आवाज कधी येतो ह्यावरून बरंच कळतं.

लहान लहान खड्डे, पेव्हर ब्लॉक, हळू स्पीडला टकटकटक आणि मोठ्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम गेली तर आवाज नाही, असं असेल तर आधी लिंक रॉडच बघायचा, कारण दोन्ही चाकं सारखी वर गेली तर त्या बारला काही कामच पडत नाही. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकच 'ठप्प' येत असेल तर लोअर आर्मचे बुश, म्हणजे आर्म गाडीला जिथे जोडतो तिथली रबरं. जागेवर स्टीअरिंग फिरवताना 'टंग' करून स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटत असेल तर वरचं माउंटिंग नाहीतर बेअरिंग, कुणालातरी स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि चाकाच्या कमानीतून स्प्रिंगवर हात ठेवा, लगेच कळतं (बोटं वेटोळ्यांच्या मधे घालू नका). फुल वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर कटकट येत असेल तर ते सस्पेन्शनच नाही, ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा, जॉइंट आहे. आणि एक फुकटची टेस्ट, खटखट चालू असताना ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा, आवाज बंद झाला तर ब्रेक कॅलिपरच्या पिना सैल आहेत किंवा पॅड वाजतायत, हे कित्येक मिस्त्री बघतच नाहीत.

मग गाडी उचला. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, म्हणजे नाहीच. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, खाली जॅक स्टँड, आणि शिवाय गाडीखाली एक स्टेपनी आडवी टाकून ठेवा. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, कारण एकच उचललं तर बारला पीळ बसतो आणि सैल लिंक रॉडसुद्धा घट्ट वाटतो. दोन्ही लटकत असताना रॉड हाताने धरून जोरात हलवा. तरी शंका असेल तर दोन्ही लिंक रॉड सरळ काढून ठेवा आणि गल्लीत हळू एक चक्कर मारा, आवाज गेला तर चोर सापडला. हायवेला मात्र तशी नेऊ नका, वळणावर गाडी जास्त झुकते.

चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनलाच हलत असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅकपासून चाकापर्यंतचे सांधे), आणि लक्षात घ्या हे दोन्ही सुटे मिळतात, त्यासाठी अख्खा रॅक बदलायची गरज नसते. रॅक बदला म्हटलं की मला पहिली शंका इथेच येते. बेअरिंगचा आवाज तसाही खटखट नसतो, तो स्पीडबरोबर वाढणारा घूंऽऽ असतो, उजव्या वळणावर वाढला तर बहुतेक डावं बेअरिंग कारण वजन तिकडे जातं.

बॉल जॉइंटचं मात्र टाळू नका. लिंक रॉड किंवा वरचं माउंटिंग थोडे दिवस वाजत राहिलं तरी एकवेळ चालतं, पण बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होऊन गाडी बसते, घाटात तर विचारच नको. आर्म आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) मधे पहार घालून उचकटून बघा, टक करून हलला किंवा त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं असेल तर ताबडतोब बदलायचा. पूर्वी अँबॅसडर, पद्मिनीला पुढे ग्रीस मारायला निपल असायचे, आता हे जॉइंट सील केलेले, बूट फाटलं की पाणी-माती आत आणि खेळ खलास.

शॉकअपचं म्हणाल तर अंगावर थोडा तेलकट ओलावा चालतो, पण ओघळ येऊन माती चिकटलेली असेल, किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, किंवा टायर गोलाकार ठिकठिकाणी झिजून खड्डे-खड्डे झालेले असतील तर गेले समजा. ते जोडीनेच बदलायचे, आणि सोबत माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) पण, नाहीतर मजुरी पुन्हा. हे काम घरी करू नका, स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प नीट नसताना मधला नट सोडला तर स्प्रिंग तोंडावर येते.

लिंक रॉड मात्र घरी होतो. आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा, कोकणातली गाडी असेल तर दोन रात्री मारा, आणि नट सोडताना बोल्टपण सोबत फिरायला लागला तर त्याच्या टोकाला अ‍ॅलन की किंवा पान्याची खाच असते ती धरायची. पार्ट पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात, पण बॉल जॉइंट आणि आर्मसाठी ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचंच घ्या, स्वस्त डुप्लिकेटचं रबर एक पावसाळा काढत नाही.

आणि लोअर आर्म किंवा बुश टाकायचे ठरलेच तर समोर उभं राहून एक गोष्ट बघा. बुशचे बोल्ट गाडी लटकत असताना फायनल टाइट करायचे नाहीत, नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मग आवळायचे. लटकतानाच आवळले तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर चिरतात, मग तुम्ही म्हणता पार्ट खराब होता. माझ्या गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर तो हसला, मी तिथेच उभा राहिलो, शेवटी वैतागून केलं त्याने.

अलाइनमेंट सगळं झाल्यावर, आधी नाही, सैल पार्टवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पाण्यात पैसे. आत्ता उद्या सकाळी फक्त लिंक रॉड हलवून बघा, बॉल जॉइंटचं बूट बघा आणि तो हलक्या ब्रेकचा प्रयोग करा, काय निघतं ते इथेच खाली लिहा, बूट फाटलेलं असेल तर फोटो टाका म्हणजे आर्म लागेल का ते सांगतो.