सापाची शेपटी आणि पायॉनची पेटी

प्रबळ बलाची, म्हणजे क्वार्कना बांधून प्रोटॉन-न्यूट्रॉन घडवणाऱ्या बलाची, समीकरणं कागदावर सुटत नाहीत. म्हणून केनेथ विल्सन यांनी १९७४ साली दाखवलेल्या वाटेने अवकाश-काळाची जाळी विणून ती संगणकावर सोडवतात. पण जाळी कुठेतरी संपवावी लागते. सगळा हिशेब होतो तो काही फर्मींच्या पेटीत (मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे फर्मी). वाचकांचे या वेळचे प्रश्न त्या पेटीबद्दलच आहेत.

प्रोटॉनची त्रिज्या जेमतेम ०.८४ फर्मी. मग तीन फर्मींची पेटी त्याला ऐसपैस नाही का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोथरूड)

वाटते, पण नसते. जुन्या नोकियावरचा सापाचा खेळ आठव. साप उजव्या कडेतून गेला की डावीकडून आत यायचा. आमच्या पेटीतही एका बाजूने गेलेला कण समोरून परत येतो. साप लांबला की पडदा अपुरा पडतो आणि तोंड स्वतःच्याच शेपटीला लागतं. प्रोटॉनचंही तेच होतं. त्याच्याभोवती पायॉनची सतत ये-जा असते. प्रबळ बलाच्या कणांत पायॉन सर्वांत हलका, म्हणून त्याचा पसारा सर्वांत लांब, सुमारे १.४ फर्मी. हा पसारा पेटीला वळसा घालून पलीकडून प्रोटॉनलाच भेटला की वस्तुमान चुकतं.

मार्टिन ल्यूशर यांनी १९८६ मध्ये दाखवलं की पेटी मोठी करत गेलं की ही चूक घातांकी वेगाने घटते. पेटीची बाजू भागिले पायॉनचा पसारा हे गुणोत्तर ४ च्या वर हवं, हा आमचा ठोकताळा. म्हणजे साधारण ५.६ फर्मी. तुझ्या पेटीत ते जेमतेम २ भरतं. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा ते अडीच होतं आणि न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) जड येत होता. तीन आठवडे प्रोग्रॅममध्ये चूक शोधली, ती तिथे नव्हतीच. पेटी वाढवली आणि वस्तुमान खाली उतरलं. तो आलेख मी अजून जपून ठेवलाय.

आम्ही फायनाइट एलिमेंटमध्ये (वस्तूचे छोटे तुकडे पाडून हिशेब करण्याच्या पद्धतीत) जाळी बारीक करायचो, उत्तर सुधारायचं. इथे तसं का नाही? (निवृत्त अभियंते, चिंचवड)

काका, या दोन वेगळ्या चुका आहेत. वीण बारीक केल्याने जालकांतराची (जाळीच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराची) चूक जाते, पेटीची नाही. उलट ठिपके तेवढेच ठेवले तर पेटीच आक्रसते. दोन्ही साधायचं तर प्रत्येक बाजूला ६४ आणि काळाच्या दिशेने १२८ ठिपके धरा. एकूण झाले सव्वातीन कोटींहून जास्त. प्रत्येकापासून चार दुवे, दर दुव्यावर संमिश्र संख्यांची तीन बाय तीनची मॅट्रिक्स. असं एकच चित्र १९ गिगाबाइटचं होतं आणि अशी शेकडो लागतात. १९९१ मध्ये पुण्यातच सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभारला, आज पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. तरी पेटी काळासकट दुप्पट करायची म्हटली की ठिपके सोळापट होतात, हे गणित कुठल्याच यंत्राला चुकत नाही.

या मर्यादेचा काही उपयोगही होतो का? (संगीत शिक्षिका, सदाशिव पेठ)

ताई, हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न. तंबोऱ्याची तार दोन्हीकडे बांधलेली, म्हणून तिचे स्वर ठरावीक. पेटीतल्या दोन पायॉनांची ऊर्जाही अशीच पायऱ्यापायऱ्यांनी येते. त्यांच्यात ओढाताण नसती तर या पायऱ्या कुठे असत्या, ते आधीच काढता येतं. प्रत्यक्षात त्या किंचित सरकलेल्या दिसतात. घोडीवर तारेखालचा दोरा जरासा हलवला की झंकार बदलतो, आणि जाणता कान झंकारावरून दोऱ्याची जागा ओळखतो. ल्यूशर यांचं सूत्र तसंच पायरीच्या सरकण्यावरून पायॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात ते सांगतं. रो हा कण जन्मताच दोन पायॉनांत मोडतो, त्याचा अभ्यास याच वाटेने होतो. पेटी अमर्याद असती तर संगणकावरच्या काल्पनिक (गणितातल्या ‘इमॅजिनरी’) काळात हे विखुरणं असं सरळ हाती लागलं नसतं. म्हणून आम्ही मुद्दाम लहानमोठ्या पेट्या घेतो.

निकाल वाचताना कशावर नजर ठेवू? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, गणेशखिंड)

वर सांगितलेलं गुणोत्तर तक्त्यात शोध. वीण आणि क्वार्कची वस्तुमानं तीच ठेवून निदान दोन पेट्या घेतल्यात का, ते पाहा. विद्युतबल धरलं असेल तर जास्त सावध राहा. फोटॉनला वस्तुमान नसल्याने तिथली चूक घातांकी वेगाने जात नाही, पेटीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात रेंगाळत उतरते. न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच्या वस्तुमानांतला १.२९ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक जाळीवर काढणं अवघड गेलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.