प्रोजेक्टच्या सुरुवातीला क्लायंटला नक्की काय हवंय हे कसं काढून घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की तिघा मित्रांनी मिळून सॉफ्टवेअरची कंपनी काढली, पहिलं मोठं काम गावच्या एका दूध संस्थेचं मिळालं. दोन मीटिंगा झाल्या आणि दोन्ही वेळा चेअरमन एवढंच म्हणाले, "जुनं आहे तसंच, पण जरा फास्ट करा. तुम्ही दाखवा, मग सांगतो." आता गरजा कशा काढायच्या, त्यासाठी कुठला फॉर्म भरून घ्यायचा, असा तुमचा प्रश्न आहे.

फॉर्म देऊ नका. तिसरी मीटिंगही इतक्यात लावू नका. पहाटे साडेपाचला संस्थेत जाऊन एका कोपऱ्यात उभे राहा.

मी सोळा वर्षं सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय, त्यातल्या बऱ्याच दूध संस्था. पहिल्या कामात आम्हीही ऑफिसात बसूनच सगळं लिहून घेतलं होतं. सचिवांनी सांगितलं, "सभासदाचा कोड घ्यायचा, लिटर घ्यायचं, फॅट-एसएनएफ घ्यायचं, चिठ्ठी द्यायची." (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.) आम्ही तशीच स्क्रीन केली. कोड, लिटर, फॅट, एसएनएफ, सेव्ह, मग पुढचा कोड. पहिल्याच सकाळी रांग दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि पाऊण तासानं सचिवांनी कॉम्प्युटर बंद करून वही उघडली.

झालं होतं ते असं. माप घेणारा मुलगा दूध काट्यावर ओततो, बाटलीत सॅम्पल काढतो आणि फॅट मोजायच्या यंत्राला लावतो. यंत्राचा आकडा यायला वेळ लागतो. तेवढ्यात तो थांबत नाही, पुढच्याचं दूध काट्यावर घेतो. म्हणजे कुठल्याही क्षणी यंत्रावर एकाचं सॅम्पल असतं आणि काट्यावर दुसऱ्याचं दूध. वहीत हे आपोआप जमतं, कारण सचिव पुढच्याचे लिटर खालच्या ओळीत लिहितात आणि वरच्या ओळीतली फॅटची जागा मागाहून भरतात. आमची स्क्रीन मात्र एका वेळी एकच माणूस ओळखत होती. सचिवांनी हे लपवलं नव्हतं. वीस वर्षं रोज दोन वेळा जे हातानं होतं, ते मुद्दाम सांगण्यासारखं काही आहे असं माणसाला वाटतच नाही. तिथं दहा मिनिटं उभं राहिलं असतं तरी ते दिसलं असतं. सचिवांचा एक हात कायम ओला असतो आणि त्यामुळे माऊसला कोणी हात लावत नाही, सगळं नंबरच्या बटणांवरच व्हायला हवं, हेही तिथंच दिसलं असतं.

म्हणून किमान दोन सकाळी आणि एक संध्याकाळ बघा. बोलू नका, सुचवू नका, वहीत लिहा. कोणाचं दूध परत पाठवलं, का पाठवलं? लाइट गेली तर काय करतात? गाय आणि म्हैस दोन्हीचं दूध एकाच कोडवर येतं का? जिथं जिथं सचिव पेन्सिलीनं काही लिहितात किंवा समासात खूण करतात, तिथं थांबा आणि गर्दी सरल्यावर विचारा. छापील रकान्यात न मावणारं सगळं समासात जातं, आणि जुनं सॉफ्टवेअर अडलं असेल तर तेही तिथंच अडलेलं असतं.

मग कागद मागा. लागोपाठ तीन बिलं मागा, कारण बहुतेक ठिकाणी बिल दहा दिवसांचं असलं तरी महिन्याचं तिसरं बिल आठ ते अकरा दिवसांचं होतं आणि बऱ्याच कपाती त्याच बिलात येतात. पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्स, शेअर्सची रक्कम, पतसंस्थेचा हप्ता. बिलात रक्कम पुरली नाही तर आधी काय कापायचं? हा क्रम प्रत्येक संस्थेत ठरलेला असतो, पण सहसा लिहिलेला नसतो. एखाद्या सभासदाचं बिल शून्यावर आलेलं शोधा आणि ते बिल हातात धरून विचारा. "कपातीचा नियम काय?" असं विचारलंत तर "नेहमीचाच" असं उत्तर येईल. "या ताईंचे खाद्याचे पूर्ण पैसे कापले आणि ॲडव्हान्सचा हप्ता पुढं ढकलला, तो का?" असं विचारलंत तर अर्ध्या तासात पाच नियम बाहेर येतील.

लेखापरीक्षणाचा मागचा अहवाल आणि दोष दुरुस्ती अहवाल आवर्जून बघा. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. लेखापरीक्षकानं जे शेरे मारलेत, ती तुमच्या कामाची आयती यादी आहे. सभासद नोंदवही अपुरी आहे, उधारीची यादी खतावणीशी जुळत नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. चेअरमन तुम्हाला हे स्वतःहून सांगणार नाहीत. ते साहजिकच आहे.

आकड्यांच्या बाबतीत शेवटच्या अंकापर्यंत जा. गाईच्या दुधाचं दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून केलेलं असतं आणि त्यात फॅट एका दशांशापर्यंत असते. यंत्र मात्र ३.८७ असं दोन दशांश दाखवतं. मग दर ३.८ चा की ३.९ चा? एका संस्थेत आम्ही शाळेत शिकल्याप्रमाणे पुढचा अंक, म्हणजे ३.९ धरला. तिथले सचिव वर्षानुवर्षं दुसरा अंक सोडून देत होते, कारण संघाकडूनही (संस्थेचं दूध घेणाऱ्या मोठ्या दूध संघाकडून) त्यांना तसाच हिशेब यायचा. समजा रोजचं दूध १,५०० लिटर आहे आणि फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, लिटरमागे ३० पैसे आहेत. साधारण निम्म्या नोंदींत दुसरा अंक ५ किंवा त्याहून मोठा येणार. म्हणजे ७५० लिटरवर ३० पैसे जादा, रोजचे २२५ रुपये, दहा दिवसांत २,२५०. संस्था सभासदाला जास्त देत होती आणि संघाकडून तेवढं येत नव्हतं. दोन बिलं वाटून झाल्यावर कळलं. सभासदांच्या हातात गेलेले पैसे परत मागायचे कसे, या प्रश्नावर संचालक मंडळाची एक अख्खी बैठक गेली आणि आमच्यावरचा विश्वास त्याच बैठकीत संपला.

डिग्रीवरून (दुधात बुडवलेल्या लॅक्टोमीटरच्या आकड्यावरून) एसएनएफ काढत असतील तर सूत्रही विचारा. डिग्रीला चारनं भागायचं हे सगळीकडे सारखं असतं. त्यात फॅटचा किती हिस्सा आणि शेवटी कुठला स्थिर आकडा मिळवायचा, हे संघागणिक बदलतं. तीच गोष्ट लिटर आणि किलोची. दुधाचा एक लिटर साधारण १.०३ किलो भरतो. संस्था लिटरनं घेते आणि संघ किलोनं मोजून रूपांतर करत असेल, तर रोजची वाढ-घट कुठल्या खात्यात दाखवायची हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

वर्षातून एकदाच होणारी कामं कोणत्याही मीटिंगमध्ये निघत नाहीत. मार्चमध्ये बोलणी करताना दिवाळीच्या दूध दर फरकाची, म्हणजे सभासदांना दिवाळीला मिळणाऱ्या दराच्या जादा रकमेची, आठवण कोणाला होणार? आणि तो फरक वर्षभराच्या लिटरवर काढायचा असतो. मध्ये संघ बदलला असेल, सभासदाचा कोड बदलला असेल, कोणी वारलं असेल आणि खातं मुलाच्या नावावर गेलं असेल, ते सगळं त्यात येतं. नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला वर्ग करावा लागतो, ती मार्चअखेरची नोंद वेगळीच. यासाठी मी एकच प्रश्न ठेवलाय: "गेल्या वर्षात कुठल्या कामासाठी रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं?" सचिव या प्रश्नाला लगेच आणि मनापासून उत्तर देतात.

मला तर या प्रश्नाचं उत्तर २०२४ साली डोळ्यांनी बघायला मिळालं. जानेवारीत राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान मंजूर केलं. पैसे थेट शेतकऱ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यावर येणार होते आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबरही द्यायचा होता. कित्येक संस्थांत सभासद सासूबाई, दूध घालायला येते सून आणि बँक खातं मुलाच्या नावावर, असा प्रकार होता. ज्या सॉफ्टवेअरमध्ये "सभासदाचं नाव" हा एकच रकाना होता तिथं सचिवांनी रात्री जागून याद्या हातानं केल्या. अनुदान येणार हे आधी कोणालाच ठाऊक नव्हतं, ते गरजांच्या यादीत यायचा प्रश्नच नव्हता. पण सभासद कोण, दूध कोण आणतं आणि पैसे कोणाच्या खात्यावर जातात हे तीन वेगळे प्रश्न आहेत, एवढं रांगेत उभं राहिलेल्याला दिसलंच असतं.

आता "फास्ट करा" बद्दल. हा शब्द तसाच लिहून घेऊ नका. नक्की काय हळू आहे ते घड्याळ लावून बघा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी कॉम्प्युटर हळू नव्हताच. पशुखाद्याच्या गोदामातली उधारीची वही बिलाच्या आदल्या दिवशी ऑफिसात यायची आणि शे-दीडशे नोंदी एका बैठकीत भराव्या लागायच्या. गोदामात दुसरी स्क्रीन दिली, प्रश्न मिटला. "जुनं आहे तसंच" यालाही अर्थ असतो. बहुतेक वेळा त्यांना चिठ्ठीवरच्या आकड्यांची जागा बदललेली नको असते, कारण वाचता न येणाऱ्या आजीलाही फॅट चिठ्ठीवर कुठं असते ते पाठ असतं. तेव्हा चिठ्ठी घेणाऱ्या दोन-तीन बायकांशीही बोला. त्या तुमच्या क्लायंट नसतील, पण आकडा फिका छापला म्हणून भांडायला त्याच येणार.

"तुम्ही दाखवा, मग सांगतो" यावर चिडू नका. कोरा कागद बघून कोणालाच काही सुचत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कागदावर काढलेल्या स्क्रीन घेऊन जा, मात्र त्यात नावं आणि आकडे त्यांच्याच नोंदवहीतले घाला. खोटं नाव असलं की ते फक्त रंगाबद्दल बोलतात. स्वतःच्या शेजाऱ्याचं बिल दिसलं की "अहो, याला तर वाहतूक लागत नाही, याचा गोठा संस्थेला लागूनच आहे" असं निघतं.

लिहिताना कॉलेजात शिकवतात तो आयईईई ८३० चा (सॉफ्टवेअरच्या गरजा लिहायच्या जुन्या मानकाचा) साचा इथं नको. चार-पाच पानं, मराठीत, साधी वाक्यं, प्रत्येक नियमाखाली एक खरं उदाहरण आकड्यांसकट. शेवटचं पान "या कामात काय नाही" याचं. मोबाइल ॲप नाही, संघाच्या सर्व्हरला जोडणी नाही, जुन्या फॉन्टमधली नावं आपण युनिकोडमध्ये आणू पण तपासून संस्थेनं द्यायची, असं स्वच्छ लिहा. त्यावर चेअरमन आणि सचिव दोघांचीही सही घ्या आणि जमलं तर संचालक मंडळात ठराव करून घ्या. चेअरमन निवडणुकीत बदलू शकतात, ठराव इतिवृत्तात राहतो. काम पूर्ण झालं कधी म्हणायचं, तेही त्याच पानांत: मागच्या तीन बिलांच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या की प्रत्येक सभासदाची रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. जिथं जुळणार नाही, तिथं एक तर तुमची चूक आहे किंवा जुन्याची, आणि दोन्ही वेळा ते बिलं वाटण्याआधी कळलेलं बरं.

या सगळ्याला मला आठ ते दहा दिवस लागतात आणि त्याचे पैसे मी वेगळे घेतो, कोटेशनच्या आधी. सुरुवातीला मागायला जड जातं. पण ती पानं संस्थेचीच राहतील, काम दुसऱ्याला दिलंत तरी ती तुमच्या उपयोगाची आहेत, असं सांगितलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि दरपत्रकाचा फोटो काढाल तेव्हा मागची बाजूही काढा. दर कुठल्या तारखेला बदलला, सकाळच्या दुधापासून की संध्याकाळच्या, हे बऱ्याच ठिकाणी तिथं पेनानं लिहिलेलं असतं.