आधी गाइड उघड, मग कुणाला विचार

सप्रेम नमस्कार,

काल ग्रुपवर तू विचारलंस, सॉफ्टवेअरच्या मदतपानांत बटण दाबायला सांगताना ‘क्लिक लिहू की सिलेक्ट?’ उत्तरं भराभर आली, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना. खरं तर चूक कुणाचीच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या स्टाइल गाइडवर, म्हणजे लेखनाच्या नियमांच्या संग्रहावर, हात बसलेला माणूस ‘सिलेक्ट’च म्हणणार, कारण वाचणाऱ्याच्या हातात माउस आहे, कीबोर्ड आहे की टचस्क्रीन, हे ते गाइड गृहीत धरत नाही. गूगलच्या डेव्हलपर गाइडवर तयार झालेला ‘क्लिक’ म्हणेल, आणि टचस्क्रीन असेल तर ‘टॅप’. सहकाऱ्याकडून तुला त्याची सवय कळते. त्यामागचं कारण गाइडमध्ये असतं.

म्हणून विरामचिन्हं, अंक, कॅपिटल अक्षरं, बटणाचं नाव ठळक करायचं का, असले प्रश्न आधी गाइडकडे ने. सुरुवात आपल्या टीमच्या स्टाइल शीटपासून, म्हणजे आपण ठरवलेल्या लेखननियमांच्या यादीपासून कर. गूगलचं गाइडसुद्धा प्रोजेक्टच्या नियमांना स्वतःपेक्षा वरचा मान देतं. आपल्या शीटमध्ये नसेल तर गूगलचं गाइड बघ, आणि तिथेही अडलीस तर स्पेलिंगसाठी मेरियम-वेबस्टर शब्दकोश, तांत्रिक शैलीसाठी मायक्रोसॉफ्ट, बाकीच्यासाठी शिकागो मॅन्युअल हे इंग्रजी लेखनशैलीचं पुस्तक. ऑफिसच्या कपाटात मायक्रोसॉफ्टची २०१२ची छापील आवृत्ती दिसेल, ती तिथेच राहू दे. २०१८पासून ते गाइड ऑनलाइन आहे आणि बदलत असतं. आम्हा जुन्या मंडळींच्या डोक्यात बऱ्याचदा कपाटातलीच आवृत्ती असते, हेही लक्षात ठेव.

माणसांना विचारायचं ते वेगळं. समज, दोन्ही गाइडं ‘साइन इन’ लिहा म्हणतात आणि आपल्या स्क्रीनवरच्या बटणावर ‘लॉगिन’ आहे. बटणाचं नाव जसं दिसतं तसंच लिहायचं, त्यात प्रश्न नाही. पण पुढच्या रिलीजमध्ये ते बदलणार आहे का, हे डेव्हलपरलाच ठाऊक. एखादी पायरी चुकली तर डेटा उडतो की नुसतं सेशन तुटतं, हे टेस्टर सांगेल, आणि इशाऱ्याची चौकट किती कडक हवी ते त्यावर ठरेल. असं विचारायला अजिबात संकोचू नकोस.

गाइड गप्प असेल किंवा दोन नियम एकमेकांना छेद देत असतील, तेव्हाही विचार, पण शोधलेलं सोबत घेऊन: ‘शीटमध्ये नाही, गूगल असं म्हणतं, आपल्या जुन्या पानांवर तसं आहे. कुठलं धरू?’ याला मीटिंगमध्ये बसल्या बसल्याही उत्तर देता येतं. ठरलं की तारीख आणि कारण घालून शीटमध्ये नोंद कर, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरं कुणी तेच विचारेल.

रिलीजच्या संध्याकाळी मात्र हे सगळं गुंडाळून ठेव. शेजारच्याला विचार, एक काहीतरी ठरव आणि सगळ्या पानांवर तेच ठेव. गाइड दुसऱ्या दिवशी बघता येईल.

शीटची एडिट परवानगी तुला दिली आहे. अंक आणि एककांचा भाग जवळपास रिकामाच आहे, तिथून सुरुवात कर.