कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पहिलाच पावसाळा असेल तर

हे बघ, पानावर तपकिरी ठिपका दिसला की लगेच पंप घेऊन धावू नको, कधीकधी तो ठिपका म्हणजे झाडानेच दिलेलं उत्तर असतं. बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन नावाचं कडक द्रव्य असतं, त्याचे तुकडे पेशीला बाहेरच कळतात, मग काही मिनिटांत कॅल्शियम आत शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि वेळ आलीच तर लागण झालेल्या जागच्या पेशी स्वतःच मरतात, म्हणजे जिवंत पेशीवर जगणारी बुरशी उपाशी. सोबत सॅलिसिलिक ॲसिड हे झाडाचं बचावाचं संप्रेरक वाढतं आणि लांबच्या पानांनाही निरोप जातो. पण काही बुरशींना मेलेली पेशीच आवडते हां, तिथे जास्मोनिक ॲसिड या दुसऱ्या संप्रेरकाचा मार्ग जास्त कामाचा.

पोफळीचा कोळेरोग, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते तो रोग, वेगळाच, तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे होतो, ती खरी बुरशीसुद्धा नाही, भिंतीत कायटिनऐवजी मुख्य ग्लुकन आणि सेल्युलोज. गोव्यातल्या सत्तरी-फोंड्याच्या पावसात फक्त झाडाच्या भरवशावर राहू नको. पाऊस लागायच्या आधी घोसांवर 1 टक्का बोर्डो मिश्रण मार, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, 40-45 दिवसांनी परत. आणि गळलेली सुपारी झाडाखाली कुजत ठेवू नको, उचल.